रेडिएटर उतरवताना

बॉनेट उघडा, पण पाना अजून हातात घेऊ नका. रेडिएटरच्या वरच्या अंगाला जो जाड रबरी पाइप येतो, त्यावर तळहात ठेवा आणि तसाच राहू द्या. पाइप हवेइतका थंड असेल तर पुढे जाऊ. किंचितही कोमट लागला, किंवा दाबल्यावर आतून ताठ वाटला, तर स्टूल ओढून बसा. या कामाची पहिली पायरी वाट बघणे ही आहे, आणि ती गाळणाऱ्यांचे हात भाजतात.

बसल्या बसल्या झाकणाकडे बघू. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंगची झडप असते. आत साधारण एक बार दाब साठेपर्यंत ती उघडत नाही; म्हणजे बाहेरच्या हवेचा जेवढा दाब आपल्या अंगावर असतो, जवळपास तेवढाच आणखी एक आत कोंडलेला. हा दाब मुद्दाम ठेवलेला असतो. पाणी आणि ग्लायकॉल यांचे निम्मेनिम मिश्रण उघड्यावर 107 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. या दाबाखाली तेच मिश्रण 125 अंशांपर्यंत न उकळता टिकते. चढण चढून आलेल्या गाडीत ते 110 अंशांवर असेल आणि तरी गुपचूप असेल. झाकण फिरवले की दाब जातो आणि ते एकदम उकळून वर उसळते. डोळ्यांना आधी काही कळत नाही. म्हणून तळहात आधी पाइपावर, झाकणावर नंतर.

नुसते हवेत बोलून समजत नाही, तेव्हा समोर एक खरी गाडी उभी करू. 2007 सालची निसान पाथफाइंडर, अमेरिकेतल्या एखाद्या घरापुढे, न्यू जर्सीत म्हणा. तिथे जवळजवळ सगळ्याच गाड्या ऑटोमॅटिक गिअरच्या आणि गॅरेजची मजुरी तासांवर. त्यामुळे शनिवारी सकाळी स्वतःच्याच गाडीखाली आडवे झालेले लोक तिथे नवलाचे नाहीत, आणि त्यांत आपली मराठी माणसेही असतात. आपल्याकडे अजून बहुतेक गाड्या हाताने गिअर टाकायच्या. 2014 साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर जे एएमटी आले, तेही मुळात हातगिअरच. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्राकडे दिलेले. पुढे ज्या दोन नळ्यांकडे आपण नीट बघणार आहोत, त्या अशा गाड्यांत नसतातच. ज्याच्याकडे टॉर्क कन्व्हर्टरची खरी ऑटोमॅटिक आहे, त्याने मात्र जरा सावरून बसावे.

आता रेडिएटरची जाळी बघा. जळलेल्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश शक्ती चाक फिरवण्याच्या कामी येते, तेवढीच धुरातून निघून जाते आणि उरलेली उष्णता होऊन कूलंटमध्ये उतरते. ही उष्णता हवेत सोडून देणे, एवढेच या जाळीचे काम. विल्हेल्म मायबाखने 1900–01 मध्ये पहिल्या मर्सिडीजसाठी, म्हणजे 35 अश्वशक्तीच्या त्या गाडीसाठी, जो रेडिएटर केला त्यात 6 मिलिमीटर बाजूच्या 8,070 चौकोनी नळ्या होत्या. आधीच्या रचनेला 18 लिटर पाणी लागायचे, ते 9 लिटरवर आले. पाणी वाढवायचे नाही, पाण्याला हवा भेटण्याची जागा वाढवायची, हा विचार तेव्हापासून बदललेला नाही. आज पितळेऐवजी ॲल्युमिनियम आले, टाक्या प्लॅस्टिकच्या झाल्या. जाळीच्या दोन पात्यांमध्ये अडकलेले किडे, धूळ, एखादे सुकलेले पान निवांत बघून घ्या. बोट लावू नका, पाती बोटानेही वाकतात.

जाडे पाइप दोन: एक वरचा, एक खालचा. ते सगळ्यांना माहीत असतात. आपल्याला हवे आहेत ते दुसरे दोन. नजर खाली आणा. रेडिएटरच्या टाकीपाशी, काही गाड्यांत तळाला तर काहींत बाजूला, करंगळीएवढ्या जाडीच्या दोन नळ्या येऊन मिळतात. त्यांच्या मागे नजर नेत चला. त्या इंजिनाच्या कडेने, चासीला धरून, मागे गिअरबॉक्सपर्यंत जातात. बराच वेळ लागला तरी चालेल, पण एकदा त्या टोकापासून या टोकापर्यंत डोळ्यांनी चाला. या नळ्यांत कूलंट नाही, गिअरबॉक्सचे ऑइल आहे.

ते इथे कशाला येते? ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचची घट्ट पकड नसते. मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाकडची पाती ऑइल ढवळतात आणि ते ऑइल गिअरबॉक्सकडच्या पात्यांना फिरवते. या ढवळण्यात जे निसटते, ते उष्णता होते. सिग्नलला ब्रेक दाबून उभ्या असलेल्या गाडीतही ऑइल घुसळले जात असते. जड ट्रेलर ओढत चढ चढताना तर फार. शिवाय हेच ऑइल गिअरबॉक्सच्या आत दाब देते, तिथल्या क्लचच्या चकत्या दाबते, वंगण घालते. फार तापले तर ते लवकर करपते आणि ही सगळीच कामे बिघडतात. म्हणून ते एका नळीने पुढे आणतात, रेडिएटरच्या टाकीतच बसवलेल्या एका छोट्या कूलरमधून फिरवतात आणि दुसऱ्या नळीने परत पाठवतात. तापलेल्या दुधाचे पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवावे, तशी ही योजना. तिची दुसरी बाजू फार जणांच्या लक्षात येत नाही: बर्फाळ सकाळी कूलंट आधी गरम होते आणि तेच या थंड, घट्ट ऑइलला ऊब देते. एकच भांडे कधी निववते, कधी तापवते.

इथे थांबू. काम सुरू करण्याआधी इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवायचा आहे.

प्लॅस्टिकच्या त्या टाकीच्या आत, जिथे डोळा पोचत नाही, तिथे एक धातूचा पत्रा आहे. त्याच्या एका बाजूला कूलंट, दुसऱ्या बाजूला ऑइल. दोघांची उष्णता एकमेकांत जावी म्हणून पत्रा पातळ ठेवलेला, आणि दोघे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून अखंड. पातळ आणि अखंड, दोन्ही त्याने वर्षानुवर्षे राहायचे. तापायचे, निवायचे, थरथरायचे. रोजच्या प्रवासात त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, जाण्याचे कारणही नसते.

2005 ते 2010 या वर्षांतल्या निसानच्या कित्येक पाथफाइंडर, एक्स्टेरा आणि फ्रंटियर गाड्यांत हा पत्रा टिकला नाही. कूलरपाशी तडा जाऊन कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरू लागले. प्रकरण सामूहिक दाव्यापर्यंत गेले आणि कंपनीला त्या रेडिएटरची वॉरंटी वाढवावी लागली. तांबडे ऑइल आणि कूलंट घुसळले गेले की जे गुलाबी, फेसाळ मिश्रण तयार होते, त्याला तिथल्या मालकांनी स्ट्रॉबेरी मिल्कशेक असे नाव ठेवले. नाव गमतीचे, खर्च हजारो डॉलरचा. क्लचच्या चकत्यांवरचे घर्षणाचे अस्तर डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेले असते. पाणी आणि ग्लायकॉल त्यात मुरले की अस्तर फुगते आणि सुटू लागते. गाडी आधी थरथरते, मग गिअर घसरतात. नुसते ऑइल बदलून ते अस्तर पुन्हा चिकटत नाही.

आता एक गोष्ट सावकाश समजून घ्या. गाडी चालू असताना ऑइलचा पंप फिरत असतो, आणि नळीतल्या ऑइलचा दाब सहसा कूलंटच्या दाबापेक्षा जास्त असतो. तेव्हा तडा असला तर ऑइल कूलंटकडे ढकलले जाते. गाडी बंद केली की पंप थांबतो आणि ऑइलचा दाब शून्यावर येतो. कूलंट मात्र गरमच असते, झाकण त्याला दाबाखाली कोंडून धरते, आणि कितीतरी वेळ हा दाब तसाच राहतो. आता तेच कूलंट उलट दिशेने, गिअरबॉक्सकडे झिरपते. म्हणजे हे नुकसान पुष्कळदा गाडी उभी असताना, मालक घरात चहा पीत असताना होते. किल्ली काढली म्हणून आतले सगळे थांबले, असे आपण धरून चालतो. तळहात ठेवून बघायला सांगितले ते यासाठीही.

म्हणून पाना उचलण्याआधी दोन ठिकाणी बघा. कूलंटच्या टाकीत डोकवा. वर तेलकट तांबूस तवंग आहे का? गिअर ऑइल मोजायची पट्टी असेल तर ती ओढून पांढऱ्या कापडावर टेकवा. डाग तांबडा, पारदर्शक आहे की गढूळ गुलाबी? गुलाबी निघाला तर रेडिएटर बदलून काम संपणार नाही हे आताच समजेल, आणि गाडी तिथून हलवायचीही नाही. दोन्ही स्वच्छ निघाले तर निर्धास्त मनाने खाली वाका.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढून बाजूला बांधा. विजेचा पंखा असेल तर तो बंद गाडीतही कधीकधी आपोआप फिरू लागतो, आणि तेव्हा बोटे कुठे असतील ते सांगता येत नाही. मग रेडिएटरखाली घमेले सरकवा, खालची तोटी सैल करा, वरचे झाकण काढा. कूलंट आधी गळेल, मग धारेने येईल, मग पुन्हा गळेल. घाई नाही. तोटी प्लॅस्टिकची असते, तिला पक्कड लावून पिळू नका.

हे पडणारे द्रव चवीला गोड असते, आणि त्यातच त्याचा धोका आहे. इथिलीन ग्लायकॉलचे थोडेसे चाटणही कुत्र्या-मांजराचा जीव घेऊ शकते, आणि लहान मुलांनाही ते तितकेच धोक्याचे. 2012 च्या अखेरीस अमेरिकेतल्या उत्पादकांनी किरकोळ विक्रीच्या कूलंटमध्ये कडू पदार्थ मिसळण्याचे मान्य केले, पण कडूपणावर विसंबून घमेले उघडे टाकून चहाला जाऊ नये. सांडले तर तिथल्या तिथे भरपूर पाणी आणि फडका.

पाइप काढताना क्लिप मागे सरकवा आणि पाइप जागच्या जागी हलकेच पिळा. वर्षानुवर्षांचा रबर तोंडाला चिकटून बसलेला असतो. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह होतो, तो आवरा. टाकीचे प्लॅस्टिकचे तोंड तडकते. पाइप नवीन घालायचाच असेल तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरून सोलून काढलेला बरा, फक्त ब्लेड तोंडापर्यंत जाऊ देऊ नका.

आता त्या दोन नळ्या. कुठली कुठे होती ते सुटण्याआधी एका नळीवर रंगीत चिकटपट्टी लावा. मग जोडाकडे बघा, नुसते बघा. जोड तीन प्रकारचे असतात आणि तिघांचा स्वभाव वेगळा.

आपल्या पाथफाइंडरसारखा रबरी पाइप आणि क्लिप असेल तर काम सरळ आहे. वर सांगितले तसेच पिळायचे. परत घालताना मात्र गिअर ऑइलसाठी बनवलेलाच पाइप घालायचा. हिटरचा किंवा भलताच रबर गरम ऑइलने फुगतो आणि भर रस्त्यात सुटतो, आणि मग गिअरबॉक्स काही मिनिटांत कोरडा पडतो.

दुसरा प्रकार झटक्याने बसणाऱ्या जोडाचा. आत बारीक तारेची क्लिप असते, ती टोकदार हुकाने काढायची. ती उडते. एक हात वर ओंजळीसारखा धरा, म्हणजे इंजिनात शोधत बसावे लागणार नाही. कारखान्याला हे जोड फार सोयीचे, घरी काम करणाऱ्याला तितके नाहीत, असे माझे मत आहे. जुनी क्लिप परत घालून पैसे वाचवणाऱ्यांमुळेच ते बदनाम झाले असेही म्हणता येईल. नवी क्लिप, नवे रबरी कडे, बसल्याचा टक् आवाज, आणि त्यानंतर एकदा ओढून बघणे, हे चारही हवेत.

तिसरा प्रकार आट्यांच्या नटाचा, आणि मन लावून काम शिकायचे तर याच्यावर शिकावे. साधा फिक्स पाना या मऊ नटाच्या दोनच बाजू धरतो आणि कोपरे गोल करून टाकतो. पाइपाच्या नटाचा वेगळा पाना मिळतो. रिंग पान्यासारखा, पण नळी आत सरकावी म्हणून एका जागी कापलेला. तो नटाला जवळजवळ चहूकडून धरतो. आणि पाना एक पुरत नाही, दोन लागतात. एक रेडिएटरकडचा जोड स्थिर धरायला, दुसरा नट फिरवायला. धरणारा हात विसरला तर टाकीतला जोड नटाबरोबर फिरतो आणि आतला कूलर फाटतो. ज्या पत्र्याजवळ आपण मघाशी इतका वेळ थांबलो, तोच. जोर करणाऱ्या हाताकडे सगळ्यांचे लक्ष असते. तुम्ही दुसऱ्या हाताकडे लक्ष द्या. त्याला कळते की ताण कुठे चालला आहे.

नट हलत नसेल, किंवा नटाबरोबर नळीच पिळवटू लागली असेल, तर पाना खाली ठेवा. गंज सोडवणारे तेल मारा आणि बसा. थोड्या वेळाने पुन्हा मारा. नट घट्ट करण्याच्या दिशेने किंचित, मग सैल करण्याच्या दिशेने किंचित. आग लावून तापवायचे नाही. शेजारी प्लॅस्टिक आहे आणि नळीत पेट घेणारे ऑइल. जाम नट मोडणाऱ्या माणसांपेक्षा वाट बघणारी माणसे मला जास्त भरवशाची वाटतात.

नट सुटला. तांबडी धार आली. ती स्वतंत्र, स्वच्छ भांड्यात धरा. किती निघाले ते पुढे मोजायचे आहे. आणि लगेच, दुसरे काहीही करण्याआधी, ती तोंडे बंद करा. चार तोंडे आहेत, नळ्यांची दोन आणि रेडिएटरची दोन. रबरी बुचे उत्तम, नसतील तर स्वच्छ प्लॅस्टिक गुंडाळून चिकटपट्टी. गिअरबॉक्सच्या आत झडपांच्या वाटा इतक्या अरुंद असतात की वाळूचा कण तिथे दगड ठरतो. रेडिएटरच्या बाजूची तोंडे बंद ठेवायची ती तो उचलताना ऑइल अंगावर, इंजिनावर आणि रबरावर सांडू नये म्हणून. या कामात जे उघडाल त्याची राखण तुमच्याकडे आली. मी तर म्हणेन, किती भाग सुटे केले यापेक्षा किती तोंडे झाकली यावरून काम करणाऱ्याची पारख करावी.

एक जोड मात्र उघडायचाच नाही. रेडिएटरच्या पुढे दिसायला तसलीच दुसरी जाळी आहे, ती एसीची. तिच्या नळ्यांत दाबाखाली गॅस असतो. तिचे बोल्ट सोडवून तिला पुढच्या पट्टीला तारेने टांगून ठेवा आणि नळ्यांना हात लावू नका.

पंख्याचे आवरण मागे सरकवा. पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सोडा, म्हणजे उचलताना पाती घासणार नाहीत. वरच्या पट्ट्यांचे बोल्ट काढले की रेडिएटर खालच्या रबरी गुटक्यांवर नुसता उभा राहतो. दोन्ही हातांनी सरळ वर उचला. तो वाटतो त्यापेक्षा हलका असतो, पण आत उरलेले कूलंट डुचमळते, आणि तो नीट सरळ आला नाही तर कुठेतरी काही अडकले आहे. ओढू नका, परत टेकवा आणि शोधा. एखादी वायर, एखादी विसरलेली क्लिप निघते. खालचे गुटके जागेवर आहेत की रेडिएटरला चिकटून वर आले, तेही बघा.

जुना रेडिएटर उन्हात आडवा ठेवा. जिथे प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमला दाबून बसवलेली असते, त्या शिवणीवरून नजर फिरवा. पांढरट-हिरवट खपली दिसली तर तिथून तो बरेच दिवस झिरपत होता. नवा शेजारी ठेवा आणि जोड, आटे, गुटक्यांच्या जागा एकेक करून जुळवून बघा. पॅकिंगमध्ये आलेली बुचे ऑइलच्या तोंडांतून काढायला विसरणारे लोक आहेत.

परत बसवणे त्याच वाटेने उलट, आणि त्यावर फार बोलण्यासारखे नाही. आट्यांचा नट आधी बोटांनी पूर्ण फिरवा; बोटांनी न फिरणारा नट पान्याने फिरवला की आटे जातात. कित्येक मालक या टप्प्यावर रेडिएटरमधला कूलर सोडून देतात आणि बाहेर, हवेच्या वाटेत, वेगळा ऑइल कूलर बसवून दोन्ही नळ्या त्याला जोडतात. मग दोन द्रवांमध्ये पत्राच उरत नाही, तडकायला काही राहत नाही. उष्ण प्रदेशात मला हा मार्ग पटतो. कडक थंडीच्या गावात ऑइलला मिळणारी ऊब जाते, तिथे नव्या, चांगल्या रेडिएटरमधूनच ते फिरवावे.

कूलंट हळूहळू भरा, हिटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा, अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येऊ द्या. भांड्यात जेवढे गिअर ऑइल निघाले होते तेवढेच, कंपनीने सांगितलेल्या जातीचे, नवीन घाला आणि पातळी पुस्तिकेतल्या पद्धतीने तपासा. बहुतेक गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून, ठरलेल्या तापमानालाच मोजायची असते. मग नळ्यांच्या दोन जोडांना कोरडा कागद लावून बघा. एक छोटी फेरी मारून आल्यावर पुन्हा बघा.

राहिले ते घमेल्यातले. जुने कूलंट एका कॅनमध्ये आणि जुने गिअर ऑइल दुसऱ्यात भरा. अमेरिकेत गाड्यांचे सुटे भाग विकणारी बरीच दुकाने जुने ऑइल फुकट घेतात, पण त्यात कूलंट मिसळलेले असेल तर नाकारतात. कूलंट काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर जाते. आपल्याकडे ऑइल ओळखीच्या गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात टाकावे आणि कूलंटचे काय करायचे ते तिथेच विचारावे. दोन्हीपैकी काहीही गटारात ओतू नका, आणि कॅनवर आत काय आहे ते आजच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.